दिवस सरत नाही, वर्ष कळत नाही : वय, लक्ष आणि वेळ

मागच्या रांगेत आवाज नीट येतोय ना? येत नसेल तर हात वर करा, संकोच करू नका. ऐकू येण्याचा मुद्दा आजच्या विषयात पुढे येणारच आहे.

माझी आई ८६ वर्षांची आहे. बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या दिवाळीत मी तिच्याकडे गेले होते. दुपारी ती म्हणाली, "अगं, दिवस सरता सरत नाही." मी नेहमीसारखं म्हटलं, "टीव्ही लाव, शेजारी जाऊन बस जरा." तासाभराने चकल्या डब्यात भरता भरता तीच म्हणाली, "आली पण दिवाळी! वर्ष कसं गेलं कळलंच नाही बघ."

मी तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं आहे. तरी त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आईचं बोलणं आता एकमेकांशी जुळत नाही. वय झालं. दिवस सरत नसेल तर वर्ष भुर्रकन कसं जाईल? वर्ष म्हणजे दिवसांचीच तर बेरीज.

चूक माझी होती. तिची दोन्ही वाक्यं खरी होती आणि दोन्ही एकाच वेळी खरी होती. आजच्या व्याख्यानात मी एवढंच करणार आहे. त्या दोन वाक्यांचा उलगडा. कारण हा उलगडा झाला नाही तर आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल चुकीचे निष्कर्ष काढतो, आणि पुढे स्वतःबद्दलही काढतो.

वेळेचं इंद्रिय

प्रकाशासाठी डोळे आहेत, आवाजासाठी कान आहेत. वेळेसाठी शरीरात वेगळं इंद्रिय नाही. मग 'दहा मिनिटं झाली असतील' हे आपल्याला कसं कळतं?

आपल्याकडचं जुनं घटिकापात्र आठवा. मोठ्या भांड्यात पाणी, आणि त्यावर तरंगणारी, तळाला बारीक छिद्र असलेली एक वाटी. छिद्रातून पाणी हळूहळू आत येतं, वाटी भरते आणि बुडते. झाली एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. घटकेचा साठावा भाग म्हणजे पळ, २४ सेकंद. 'घटका भरली' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. आता यात एक गंमत आहे. वाटी बुडाली की ती कोणीतरी उचलून पुन्हा तरंगत ठेवायला लागते आणि मोजणीत एक घटका वाढवायला लागते. म्हणजे पात्राजवळ माणूस बसलेला हवा, आणि त्याचं लक्ष हवं. तो गप्पांत रमला तर पाणी आपलं काम करेल, पण मोजणी चुकेल.

डॅन झकाय आणि रिचर्ड ब्लॉक या मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात वेळेच्या जाणिवेचं जे प्रारूप मांडलं, ते बरंचसं असंच आहे. मनात ठोके पडतात असं समजा. ते मोजणीपर्यंत पोचण्यासाठी एक फाटक आहे आणि ते उघडतं लक्षामुळे. लक्ष वेळेकडे असेल तर फाटक सताड उघडं. ठोके भराभर मोजले जातात आणि वेळ लांब वाटतो. लक्ष दुसरीकडे असेल तर ठोके निसटतात आणि वेळ छोटा वाटतो. मेंदूत असं फाटक कुठे हाताने दाखवता येणार नाही. ती समजावून सांगण्याची एक रीत आहे. पण अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. एसटीची वाट बघताना वीस मिनिटं संपत नाहीत. चांगल्या गप्पांत तेवढीच वीस मिनिटं कुठे गेली ते कळत नाही.

हा झाला चालू वेळ. मागे वळून बघितलेल्या वेळेचा हिशोब मात्र वेगळ्या वहीत असतो. 'गेलं वर्ष कसं गेलं?' असं विचारलं की आपण ठोके मोजत नाही, कारण ते कोणी जपून ठेवलेलेच नसतात. आपण स्मृतीत डोकावतो. तिथे वेगवेगळ्या खुणा किती आहेत ते पाहतो. खुणा खूप, तर काळ मोठा. खुणा कमी, तर काळ छोटा.

म्हणून आठ दिवसांची सहल चालू असताना पटकन संपते, पण घरी आल्यावर महिनाभर बाहेर होतो असं वाटतं. आणि आजारपणात अंथरुणावर काढलेले आठ दिवस जाता जात नाहीत, पण नंतर आठवायला गेलं तर हाताला काहीच लागत नाही. आता आईची दोन वाक्यं परत ऐका. रिकामी दुपार, लक्ष घड्याळाकडे, म्हणून दिवस लांब. सगळ्या दुपारी एकसारख्या, स्मृतीत खूण नाही, म्हणून वर्ष आखूड. दोन वह्या, दोन हिशोब. विसंगती काहीच नाही.

गुहेतला तरुण

तुम्ही म्हणाल, हे म्हातारपणातच होतं का? तर नाही. मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच तरुण १९६२ साली आल्प्समधल्या स्कारासन गुहेत एकटा राहिला. वय २३. घड्याळ नाही, सूर्यप्रकाश नाही, आत बर्फ आणि ओल. वर थांबलेल्या मंडळींना तो फोन करी, पण त्यांनी त्याला तारीख-वेळ सांगायची नाही असं ठरलं होतं. जवळजवळ दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, 'प्रयोग संपला, बाहेर ये' असं त्याला सांगितलं, तेव्हा त्याच्या हिशोबाने २० ऑगस्टच उजाडला होता. पंचवीस दिवस त्याच्या खात्यातून गळाले होते. १२० पर्यंत सेकंदासेकंदाने मोज असं सांगितलं, तर त्याला सुमारे पाच मिनिटं लागत.

तेवीस वर्षांचा धडधाकट माणूस! त्याचे दिवस गळाले ते वयामुळे नव्हेत. एका दिवसाला दुसऱ्यापासून वेगळं करणारं तिथे काहीच नव्हतं. हे मला महत्त्वाचं वाटतं. कारण आपण जे 'वयामुळे' म्हणून सोडून देतो, त्यातलं बरंच 'तसं जगायला लागल्यामुळे' असतं. चार भिंतींतलं म्हातारपण ही थोडीशी गुहाच आहे.

मग वर्षं खरंच आखडतात का?

याचं एक लोकप्रिय उत्तर आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी १८७७ साली ते मांडलं. दहा वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा भाग. पन्नाशीच्या माणसाला तेच वर्ष पन्नासावा भाग. म्हणून ते छोटं वाटतं. ऐकायला गोड आहे, गणितही सोपं आहे. पण विल्यम जेम्स यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात म्हटलं, की हे वर्णन झालं, कारण नव्हे. त्यांच्या मते कारण असं, की वय वाढतं तसे अनुभव सरावाचे होतात आणि स्मृतीत वेगळे उठून दिसत नाहीत. आणि साधी गोष्ट बघा. जाने यांचं गणित खरं असतं तर ऐंशी वर्षांच्या माणसाला दवाखान्यातल्या रांगेतला तासही चुटकीसरशी गेल्यासारखा वाटला असता. तसं होत नाही, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

मार्क व्हिटमन आणि सँड्रा लेनहॉफ यांनी २००५ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. जर्मनी आणि ऑस्ट्रियातली ४९९ माणसं, वय १४ पासून ९४ पर्यंत. वेळ किती वेगाने जातो असं विचारलं. आठवडा, महिना, वर्ष यांच्याबाबत तरुण आणि वृद्ध यांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. वेळ पळतो असं सगळेच म्हणत होते, कॉलेजातली मुलंसुद्धा! फरक पडला तो 'गेली दहा वर्षं कशी गेली' या प्रश्नावर. तिथे मोठ्या वयाच्या माणसांना ती जास्त वेगाने गेल्यासारखी वाटली, आणि तोही फरक फार मोठा नव्हता. म्हणजे घड्याळ सगळीकडून जोरात फिरायला लागतं, असं काही होत नाही. फरक लांबच्या हिशोबात दिसतो, म्हणजे स्मृतीच्या वहीत.

याचा पडताळा आत्ता घेऊ. पंच्याहत्तरीच्या पुढचे कोण कोण आहेत? बरेच आहेत. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं. त्या सकाळी कुठे होतात? बघा, बोटं वर आलीच. कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. बहात्तरचा दुष्काळ, सुकडी, खडी फोडायची कामं. आठवतंय. आता २०१४ चा ऑगस्ट सांगा. काय केलंत त्या महिन्यात? शांतता!

पानशेत आणि दुष्काळ ही मोठी संकटं होती, म्हणून आठवतात, हे खरं आहे. पण एवढंच नाही. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी म्हातारपणी सगळ्यात दाट सापडतात, हे अनेक पाहण्यांतून दिसलं आहे. पहिली नोकरी, लग्न, पहिलं भाड्याचं घर, पहिलं मूल. सगळं पहिल्यांदाच. ती वर्षं खुणांनी भरलेली असतात. गेली दहा वर्षं त्यांच्या शेजारी ठेवली की ती साहजिकच आखूड दिसतात.

दुसरंही एक कारण आहे, आणि ते चाळिशीतल्यांनी ऐकावं. विल्यम फ्रीडमन आणि स्टीव्ह जॅन्सन यांच्या २०१० च्या अभ्यासात असं दिसलं, की वेळ पळतोय ही भावना कामाच्या ओढाताणीशी जोडलेली आहे. जे करायचंय ते पुरं होत नाही, असं ज्यांना सतत वाटतं, त्यांना वेळ जास्त पळताना दिसतो. त्याला म्हातारं व्हावं लागत नाही.

लक्षाचं काय होतं?

आता लक्षाकडे येऊ, कारण फाटक त्याच्या हातात आहे.

वयानुसार काहीच बदलत नाही असं मी म्हणणार नाही. खोटा दिलासा देणं बरं नव्हे. मेंदूचा माहिती हाताळण्याचा वेग कमी होतो. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिएटलमध्ये सुरू केलेला अभ्यास पुढे अनेक दशकं चालला. त्यात त्याच त्याच माणसांना वर्षानुवर्षं तपासलं गेलं. वेग आधी उतरायला लागतो, शब्दसंपत्ती मात्र खूप उशिरापर्यंत टिकते, असं त्यातून दिसतं. सगळं एकदम आणि सारखं ढासळत नाही.

दुसरा बदल जास्त मजेशीर आहे. अ‍ॅडम गॅझले आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चेहरे आणि निसर्गदृश्यं एकामागून एक दाखवायची. चेहरे लक्षात ठेवा, दृश्यांकडे दुर्लक्ष करा, असं सांगायचं. चेहऱ्यांकडे लक्ष देणं वृद्धांना तरुणांइतकंच जमत होतं. अडचण होती दुर्लक्ष करण्यात. नको ते बाहेर ठेवणारा पडदा विरळ झाला होता. म्हणजे आजीचं 'लक्ष नसतं' असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा उलटं असतं. टीव्ही, कुकरची शिट्टी, नातवाचा फोन आणि तुमचा प्रश्न, हे सगळंच आत येत असतं.

तिसरा मुद्दा जिवाशी खेळ करणारा आहे. स्वीडनमध्ये वृद्धांच्या निवासातल्या ५८ जणांबरोबर चालत चालत गप्पा मारल्या गेल्या. १९९७ साली 'द लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास आला. त्यातले १२ जण बोलायची वेळ आली की चालायचे थांबत. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. तरुणपणी चालायला वेगळं लक्ष लागत नाही. काही जणांना म्हातारपणी ते लागतं. आणि आपण आईला जिन्यावरच विचारतो, "अगं, लाइटबिल भरलंस का?"

हे सगळं वेळेशी कसं जोडलं जातं ते सांगते. एकेक काम सावकाश होतं. आंघोळ, पूजा, औषधं, दोन फोन, झाली दुपार. मग वाटतं, सकाळपासून केलं काय? बाहेरचं जग मात्र तरुणांच्या वेगाला बेतलेलं आहे. ओटीपी येतो, चष्मा सापडेपर्यंत त्याची मुदत संपते. फोनवरचा आवाज 'मराठीसाठी एक दाबा' म्हणतो आणि दाबेपर्यंत पुढे निघून जातो. बँकेच्या खिडकीशी मागचा माणूस सुस्कारा टाकतो. वेग कमी असणं ही एक गोष्ट. समज कमी असणं ही अगदी दुसरी. आपण पहिली पाहतो आणि दुसरी गृहीत धरतो.

प्रयोगशाळेत वृद्धांकडून मिनिटं मोजून घेतली तर काय दिसतं? इथे सरळ उत्तर नाही. पीटर मँगन यांच्या १९९६ मधल्या प्रयोगात वृद्धांनी मनातल्या मनात तीन मिनिटं मोजताना तरुणांपेक्षा जास्त वेळ घेतला. १९९८ साली ब्लॉक, झकाय आणि हॅनकॉक यांनी अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा कल उलट निघाला. वृद्धांनी ठरलेला वेळ लवकर संपवला. एक गोष्ट मात्र त्या तपासणीत स्पष्ट होती. वृद्धांची उत्तरं जास्त विखुरलेली होती. म्हातारपणाचं एकच एक घड्याळ नसतं.

आणि एक चांगली बातमी. ठरलेल्या वेळी ठरलेलं काम आठवणं, याला भविष्यलक्षी स्मृती म्हणतात. प्रयोगशाळेत यात तरुण पुढे असतात. पण तेच काम घरी, रोजच्या आयुष्यात करायला दिलं, तर अनेक अभ्यासांत वृद्ध पुढे गेलेले दिसतात! एक कारण असं, की ते काम सवयीला बांधून ठेवतात. चहाच्या कपाशेजारी गोळीची डबी, बाहेर जायच्या पिशवीवर चिठ्ठी. उरलेलं लक्ष जपून कसं वापरायचं हे त्यांना कळलेलं असतं.

लॉरा कार्स्टेन्सन यांचं कामही हेच सांगतं. पुढचा काळ थोडा आहे हे जाणवलं की माणूस निवड करायला लागतो. ओळखीपाळखीची गर्दी कमी, जिवाभावाची माणसं जास्त. तरुणांनाही काळ थोडा उरल्याची जाणीव झाली की ते अशीच निवड करतात. तेव्हा आईला लग्नाच्या रिसेप्शनला यायचं नसतं पण मावशीकडे जायचं असतं, तो हट्ट नसतो. ती तिच्या काळाचा हिशोब करत असते.

मग करायचं काय?

एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, ब्रिटनमध्ये रूथ ऑग्डेन यांनी ६०४ जणांना वेळ कसा जातो ते विचारलं. ज्यांना दिवस रेंगाळल्यासारखे वाटत होते, त्यांच्यात वय जास्त, ताण जास्त, हाताला काम कमी आणि माणसांच्या सहवासाबद्दल असमाधान, या गोष्टी दिसल्या. यातलं वय आपल्या हातात नाही. बाकीच्यांचं काही करता येतं.

पहिलं, प्रश्न विचारला की थांबा. वाक्य तुम्ही पुरं करू नका. मी आईची वाक्यं किती वर्षं पुरी करत होते, ते मला माझ्या मुलाने माझं वाक्य पुरं केलं तेव्हा कळलं.

दुसरं, एका वेळी एक. बोलायचं असेल तर टीव्ही बंद करा. जिन्यावर, रस्ता ओलांडताना, आंघोळीनंतरच्या ओल्या फरशीवर गप्पा नकोत.

तिसरं, कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकलेला शब्द कोणता हे ओळखण्यातच लक्ष खर्च झालं तर अर्थासाठी आणि आठवणीसाठी काय उरणार? श्रवणयंत्राची लाज वाटायचं कारण नाही. चष्म्याची वाटते का?

चौथं, वर्षाला खुणा द्या. याचा अर्थ दिवस गच्च भरा असा नाही. नवी भाजी, नवा रस्ता, कुणाला तरी पत्र, नातवाला पानशेतची गोष्ट सांगणं. एकसारख्या दिवसांत वेगळं उठून दिसेल असं काहीतरी.

पाचवं, सगळं वयावर ढकलू नका. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीचे पैशांचे व्यवहार न जमणं, हे दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, औषधांचे परिणाम, नैराश्य यांवर उपाय असतात. आणि एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ उडाला तर अजिबात थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

शेवटी आईकडे येते. तिच्या स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका असते. चाळीस वर्षं ती त्या चौकोनांत दुधाचे खाडे लिहीत आली. आता दूध पिशवीतून येतं, खाडे मांडायला लागत नाहीत, चौकोन रिकामे. गेल्या पाडव्याला मी तिला म्हटलं, रोज एक गोष्ट लिही, एकच. ती म्हणाली, "लिहिण्यासारखं काही होतच नाही." तरी लिहायला लागली. 'खारीने गच्चीत घरटं केलं.' 'कुसुमचा फोन, अर्धा तास.' 'गवार जून निघाली.'

यंदाच्या दिवाळीत आम्ही दोघींनी ती पानं उलटून पाहिली. दीड तास लागला. दिवस सरत नाही असं ती अजूनही म्हणते, आणि ते मी पूर्वीसारखं उडवून लावत नाही. त्यावरचा इलाज कागदात नाही, मी जाऊन बसण्यात आहे. पण वर्ष कुठे गेलं, हे तिने मला या वेळी बोट ठेवून दाखवलं.

प्रश्न असतील तर अवश्य विचारा. सावकाश विचारा, घाई नाही.